नेमाचा डोळा

या, जरा सरकून जवळ बसा. दिवसभराची ओझी दाराबाहेर ठेवा, ती कुठे जात नाहीत. आज एका माणसाच्या एका डोळ्याची गोष्ट सांगायची आहे. ती संपेपर्यंत तुमचेच डोळे तुम्हाला नव्याने भेटतील, एवढा शब्द दिला म्हणून समजा.

हा माणूस टाइल बसवणारा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बायकोसुद्धा रागावली की मिस्त्रीच म्हणायची, आणि ती गेल्यापासून त्याला तो रागच गोड आठवायचा. वय सत्तरीपलीकडे गेलं, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा थापी त्याने मुलीच्या हाती दिली. एक गोष्ट मात्र दिली नाही, ती म्हणजे शेवटचा नेम. काम पुरं झालं की मिस्त्री भिंतीच्या टोकाला गाल टेकवायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने सांध्याच्या रेघेवरून पार पलीकडे बघायचा. उजवा डोळा ‘हो’ म्हणाला की भिंत पास. चाळीस वर्षांत त्या डोळ्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

दोन वर्षांमागे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “मिस्त्री, पडद्याचा मधला भाग वयाने झिजतोय. सध्या कोरडी झीज आहे, पण लक्ष हवं. सिगारेट बंद. पालेभाजी खा.” आणि चौकटीचौकटींचा एक कागद दिला, मध्ये ठिपका. “रोज सकाळी चष्मा लावून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली, तर त्याच दिवशी मला फोन.”

मिस्त्री हसला. “बाई, जन्मभर चौकटीच मांडल्या. आता कागदाच्या बघू?”

तरी माणूस शब्दाचा पक्का. सिगारेट सोडली, कागद स्वयंपाकघरात चिकटवला, रोज चहा पिताना बघायचा. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून! डोळा मिटायचा तो कामाच्या वेळी, नेम धरताना. चहा पिता पिता कुणी नेम धरतं का? धडधाकट डावा डोळा उजव्याची चूक गुपचूप झाकत राहिला, आणि कागद रोज सरळ दिसत राहिला.

मग आली ती बेकरी. मुलीने एकटीने घेतलेलं पहिलं मोठं काम. छतापर्यंत पांढरीशुभ्र भिंत, आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायची होती. दुपार कलली होती. वरच्या काचेतून ऊन उतरत होतं आणि हवेत पिठाचे कण असे तरंगत होते की खोली झोपेत श्वास घेतेय असं वाटावं. मिस्त्रीने गाल टेकवला, डावा डोळा मिटला.

आणि भिंतीचं तळं झालं.

रेघा हलल्या. तळ्यात कुणी अलगद बोट बुडवावं तशी मधली ओळ खोलगट झाली, वर आली, पुन्हा बुडाली. मधोमध धुराचा एक ठिपका, बघावं तिथे आधीच जाऊन बसलेला. मिस्त्रीला क्षणभर ते सुंदरच वाटलं. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला.

“मधे पोट आलंय भिंतीला.”

मुलगी शिडीच्या पायरीवर बसून हात पुसत होती. “कुठे?”

“चौथी ओळ. काढ सगळी.”

“बाबा, पाणसळ लावून बसवलीय. हे बघा, बुडबुडा मधोमध.”

“पाणसळ पडली असेल कधीतरी तुझ्या हातून.”

“तुमचीच आहे ती! पडली असेल तर तुमच्याच हातून.”

बेकरीवाली दारात येऊन उभी राहिली. “उद्या भट्टी पेटणार ना, मिस्त्री?”

“वाकडी भिंत देत नाही मी,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने हातोडी उचलली.

मुलगी त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली. आवाज चढवला नाही. “तुम्हीच शिकवलंत, भांडण झालं की ओळंब्याला विचारायचं. तो म्हणाला वाकडी, तर मी स्वतः फोडीन. आणि पुन्हा थापीला हात लावणार नाही.”

तिने खिळ्याला दोरी बांधली, खाली पितळी वजन सोडलं. वजन डुललं, मंद झालं, थांबलं. मिस्त्रीने सवयीने डावा डोळा मिटला.

दोरी वाकलेली होती.

भिंतीला पोट येतं, लाकूड पिळतं, माणूस चुकतो. पण वजन लावून हवेत सोडलेली दोरी वाकत नाही. देवाच्या जगात एवढं तरी सरळ असतं. मिस्त्रीने दुसरा डोळा उघडला. दोरी सरळ. उजवा झाकला. सरळ. डावा झाकला. वाकडी. त्याने हातोडी इतकी हळू खाली ठेवली, जणू झोपलेलं मूल ठेवतोय.

“पोरी,” तो म्हणाला, “भिंत तुझी सरळ आहे. पोट माझ्या डोळ्यात आलंय.”

मुलीने दोरी तशीच लटकत ठेवली, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बेकरीवालीनेच गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, पडद्याचा फोटो काढला. “कोरडी होती ती आता ओली झालीय. पडद्याखाली पाणी झिरपतंय.”

“म्हणजे भिंतीत ओल शिरली, की टाइल फुगून उठते, तसं?”

“अगदी तसंच. फार दिवस राहिली ओल, तर खालचा गिलावाच जातो. वेळेवर आलात. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला एक, पुढचं मग बघू.”

“डोळ्यात?” मिस्त्रीने मुलीचा हात धरला. “माझी बायको असती, तर म्हणाली असती, मिस्त्री, आता कळेल भिंतीला भोक पाडलं की कसं वाटतं.”

हसताहसता त्याचे डोळे भरले. औषधाने आधीच बधिर झालेला डोळाही भरला.

तीन महिन्यांनी ओल उतरली. रेघा पुष्कळ सरळ झाल्या. एक बारीक मुरड राहिली आणि धुराचा तो ठिपका राहिला. डावा डोळा मिटला, की समोरच्या माणसाचं तोंडच तो खाऊन टाकायचा. मग मिस्त्री उजव्या डोळ्याने मुलीच्या कानाकडे बघायला शिकला. कानाकडे बघितलं, की कडेने तिचा चेहरा उगवायचा, धुक्यातून घर दिसावं तसा.

एका सकाळी तो बेकरीत गेला. पावाचा ऊबदार वास भिंतीवर चढत होता. त्याने गाल टेकवला नाही. दोन्ही डोळे मिटले आणि चौथ्या ओळीच्या सांध्यावरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. बोट कुठेही अडलं नाही.

“पास?” मुलीने विचारलं.

“मला काय विचारतेस? आता नेम तुझा.”

आजही ती रोज सकाळी फोन करते. “बाबा, कागदासमोर आहात? डावा झाका. आता उजवा.” तो आज्ञाधारक पोरासारखा झाकतो.

तर ऐकणाऱ्यांनो, उद्या तुमच्या घरात कुणी थोरलं माणूस म्हणालं, की दाराची चौकट वाकलीय, पुस्तकातली ओळ डुलतेय, तर हसू नका. आधी त्यांचा एक डोळा झाका, मग दुसरा, आणि त्याच दिवशी त्यांना घेऊन निघा. वाटेत आमच्या मिस्त्रीची आठवण काढा. हातोडी उचलूनही जो दोरीसमोर थांबला, त्या म्हाताऱ्याची.