नातूदुखी

साठी उलटल्यावर शिंप्याने जर्मनचा क्लास लावला, तेव्हा सगळ्या गल्लीने पोट धरून हसून घेतलं. हसोत बापडे! त्याचा एकुलता एक नातू तिकडे परदेशात जन्मलेला, त्याला जर्मनखेरीज काही येत नव्हतं. लेक दर रविवारी व्हिडिओ कॉल लावी, पोरगं पडद्यावर येऊन हॅलो म्हणे आणि धूम ठोके. त्या पोराशी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून शिंप्याचा जीव नुसता तुटत होता.

क्लासातल्या बाईंनी एकदा जोडशब्द उसवून दाखवले. शिंपी खूश, हे तर आपलंच काम! बोटात घालायचं अंगुस्तान म्हणजे फिंगरहूट, बोटाची टोपी. हातमोजा म्हणजे हांडशू, हाताचा बूट. मग हाइमवे आला. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं.

"घराची ओढ," बाई म्हणाल्या. "पूर्वीचे डॉक्टर तिला खरोखरचा आजार समजायचे."

"समजायचे काय? आहेच तो," शिंपी म्हणाला.

घरी मशीनवर बसल्या बसल्या त्याने स्वतःच एक शब्द शिवला. एंकेल म्हणजे नातू, म्हणून एंकेलवे. शब्दकोशात बघायच्या भानगडीत गडी पडलाच नाही. दोन तुकडे नीट जुळले की झालं, हा त्याचा धंद्यातला हिशेब.

रविवारी पोरगं हॅलो म्हणून वळणार, तोच शिंप्याने घोकून ठेवलेलं जर्मन वाक्य घाईघाईने म्हणून टाकलं. "मला एंकेलवे झालंय."

पोरगं थबकलं. त्याला पोटदुखी माहीत होती, दातदुखीही माहीत होती. हे दुखणं नवीनच होतं.

"आजोबा, कुठे दुखतंय?" त्याने त्याच्या भाषेत विचारलं.

प्रश्न शिंप्याला कळला, पण उत्तराचे शब्द कुठून आणायचे? त्याने छातीवर हात ठेवला. पोराने फोन तोंडाशी ओढला आणि गाल फुगवून जोरात फुंकर घातली. मागे लेक हातातलं काम टाकून डोळे पुसत उभी होती.

"अजून दुखतंय?"

गिऱ्हाइकांना कपडे उद्या मिळतील असं सांगण्यात शिंप्याचा जन्म गेला होता. पण आता तो अगदी खरं बोलला.

"हो. खूप."

पोरगं फोनसमोर मांडी घालून बसलं.