दोन दांड्यांचा पंप

भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक दांडा होता. दोन्हीकडून एकदम दाबले तरच पाणी यायचं, आणि आलं की दोन्ही तोट्यांना सारखंच. मध्ये डोळ्यांच्या उंचीवर फट ठेवली होती, एकमेकींची तोंडं दिसावीत म्हणून. दंगलीनंतर ज्यांनी हा पंप आखला, त्यांना दोन्ही गल्ल्या पंपवाल्या बाई म्हणत. जोड्याही त्यांनीच चिठ्ठ्या टाकून लावल्या. रोज तोच चेहरा समोर आला की माणूस नरमतो, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरीणबाईंच्या वाट्याला म्हातारी आली.

म्हातारीचा मुलगा तुरुंगात होता. मास्तरीणबाईंच्या नवऱ्याला घरातून ओढून नेणाऱ्यांत तो होता. नवऱ्याचं प्रेतही मिळालं नव्हतं आणि कोर्टात मुलानं तोंड उघडलं नव्हतं. पण तिसऱ्याच दिवशी म्हातारी फटीतून बोलून गेली, "त्या रात्री घरी आला तेव्हा चिखलानं भरले होते गं पोराचे पाय. मीच धुतले."

म्हणजे तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून मास्तरीणबाई दहा वेळा दांडा दाबून हात काढून घ्यायच्या. कळशी भरायला चाळीस वेळा दाबावा लागे. त्यांच्या घरी जाऊबाईंनी भरलेलं पिंप होतं. त्यांना घाई नव्हती.

"दाब ना पोरी. जेमतेम तळ झाकलाय."

"कुठे पुरलंय, आजी?"

"मला काय माहीत?"

"मग बसा."

म्हातारी उन्हात बसायची. भिंतीची सावली मास्तरीणबाईंच्या बाजूला पडे. पाऊण तासानं आणखी दहा वेळा दांडा दाबून त्या घरी जायच्या. मुलापायी दारात पोलीस आले म्हणून म्हातारीला तिच्या गल्लीतही कुणी तांब्याभर पाणी देत नसे.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी पंपवाल्या बाई वही घेऊन आल्या.

"बाकीच्या जोड्या सात मिनिटांत निघतात. तुमची पाऊण तास! बोलता तरी काय एवढं?" बाईंचा चेहरा नुसता फुलला होता.

मास्तरीणबाई चपापल्या. "बोलणं कसलं! आजींच्या हातात जोर नाही. थांबत थांबत दाबतात बिचाऱ्या."

"अरेरे, हे माझ्या लक्षातच आलं नाही." बाईंनी तिथल्या तिथे वहीत काहीतरी आखलं.

म्हातारीनं तक्रार केली नाही. केली असती तर पाय धुतल्याची गोष्टही निघाली असती. बाई गेल्यावर ती म्हणाली, "खोटं छान बोलतेस."

"तुमच्याकडूनच शिकले."

म्हातारीचे ओठ फुटले होते. ती म्हणाली, "उद्या कळशी भरून दे. सांगते."

"आत्ता सांगा, आत्ता भरते."

"आज भेटीचा वार आहे. एकदा पोराचं तोंड बघून येते. मग मी मोकळी."

मास्तरीणबाईंनी त्या दिवशी चार वेळा जास्त दांडा दाबला. घरी जाऊन दिराला फावडं शोधायला सांगितलं. स्वतः पांढरी चादर धुऊन वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी त्या अर्धा तास आधीच पंपावर पोचल्या. भिंतीपलीकडे पाना घेऊन पंपवाल्या बाई उभ्या होत्या.

"आजींच्या बाजूला स्प्रिंग बसवलीय! आता त्यांना एकटीलाही पाणी काढता येईल. तुम्ही सांगितलंत म्हणून हं. अहवालात तुमचं नाव घालते."

म्हातारी एकटीच दांडा दाबत होती. कळशी भरून वाहिली तरी तिचा हात थांबला नाही.

बाई पाना घेऊन निघून गेल्या. मास्तरीणबाईंनी फटीला तोंड लावलं. "आजी, मी आज भरूनच देणार होते. शपथ."

म्हातारीला भरली कळशी उचलवेना. तिनं निम्मं पाणी मातीत ओतून दिलं.

"पोराला खोकला झालाय," ती म्हणाली. "मला बघून लहान पोरासारखा रडला."

"हवं तर जागा नका सांगू. माती तरी नीट टाकली होती का त्यांच्यावर? एवढंच सांगा!"

म्हातारीनं कळशी कमरेवर घेतली आणि ती घराकडे चालू लागली.