सिस्टिमच्या घरातलं बिऱ्हाड

“उडवून टाका ती टेबलं, मॅडम. कंपनीवालेही तेच म्हणतायत,” साहेब खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत म्हणाले.

लहान मुलांच्या दवाखान्याचा डेटाबेस नव्या व्हर्जनवर न्यायचा होता. रविवार त्यासाठीच राखलेला. पण सकाळपासून अपग्रेड पुन्हा पुन्हा अर्ध्यातच कोलमडत होतं. डेटाबेस सांभाळणं तिचं काम, आणि कारण तिला आत्ता सापडलं होतं. सिस्टिमची स्वतःची टेबलं राहतात त्या भागात कुणीतरी दोन परकी टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, घुसवून ठेवली होती. आपल्याच घरात अनोळखी मंडळी पाहून नवं व्हर्जन उंबऱ्यावरूनच माघारी फिरत होतं.

तिने त्यातलं एक टेबल उघडलं. फोन नंबर आणि बाळांच्या लसीच्या तारखा. असलं आडवळणी काम एकाच माणसाचं: नुकतेच निवृत्त झालेले मामा. अख्ख्या दवाखान्याचे मामा, आणि तिला हे काम बोट धरून शिकवणारे.

“साहेब, जरा थांबा. मामांना विचारते.”

“विचारा. पण उद्या दार उघडताना हे बंद असलं, तर माझी धिंड निघेल.”

मामांनी लगेच फोन उचलला. “काय गं, बाळ कसंय?”

“मजेत. सासूबाईंना नाचवतंय. मामा, सिस्टिमच्या घरात बिऱ्हाड कुणी मांडलं?”

पलीकडे खाकरणं. “मीच. आधी दोनदा साफसफाईत गेलं गं सगळं. नवा माणूस आला की जुनं टेबल उडवतो. म्हटलं, पोलीस ठाण्याच्या ओट्यावरच झोपावं, तिथे चोर फिरकत नाही.”

“अहो, पण अपग्रेड अडलंय! आहे काय त्यात?”

“ज्या आयांना वाचता येत नाही, त्या. बाकीच्यांना लसीचा मेसेज जातो, यांना रेकॉर्ड केलेला बोलका फोन.” मामांचा आवाज खाली आला. “तुझ्या मामीला कुठे वाचता यायचं? पहिल्या बाळाच्या वेळी लसीची तारीख चौकातल्या फळ्यावर लिहिलेली होती. ती रोज त्याच फळ्यासमोरून जायची. मी बाहेरगावी.”

पहिल्याबद्दल मामा कधी बोलले नव्हते. ते बाळ राहिलं नाही, एवढंच तिला ऐकून माहीत होतं. ती टेबल खाली खाली सरकवत राहिली. शेवटच्या ओळीत तिचाच नंबर.

“मामा, मी कशी यात? मला वाचता येतं की!”

“येतं गं. पण बाळंतिणीला वाचायची शुद्ध असते का?”

तिने टेबलं उडवली नाहीत. त्यांना वेगळी जागा करून दिली, दोन्ही अलगद तिथे हलवली, फोन लावणाऱ्या प्रोग्रामला नवा पत्ता सांगितला. साहेब आधी घड्याळाकडे बघत राहिले, मग मुकाट्याने तिच्यासाठी चहा घेऊन आले. चहा निवून गेला. अपग्रेड पार पडलं.

आता फोन जातो का, तेवढं बघायचं होतं. तिने स्वतःचाच नंबर निवडला. समोरचा मोबाइल थरथरला.

“आई, बाळाला उद्या लसीला आणायचं हं. ते रडलं तर रडू दे. आपण नाही रडायचं.” मामांचा आवाज, शब्दाशब्दाला थांबणारा, घाईतल्या बाईलाही कळावा असा.

“कुणाचा फोन?” साहेबांनी विचारलं.

“घरून,” ती म्हणाली, आणि निरोप संपेपर्यंत मोबाइल कानाला धरून बसली.