दहावी गोळी

उपांत्य सामना संपला तसा एक खेळाडू मोजणीच्या टेबलापाशी आला आणि त्याने आपला मास्क पुढे ठेवला. डोळ्यांसमोरच्या काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता.

"ताई, रंगाच्या गोळीने फुटली ही," तो म्हणाला. "डोळा वाचला तो नशिबाने."

ताई म्हणजे स्पर्धेतली मोजणीवाली. एरवी ती आपल्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करायची आणि पेंटबॉलच्या स्पर्धा असल्या की बंदुकांचा वेग मोजायला बसायची. गोळीचा वेग सेकंदाला तीनशे फुटांच्या आत हवा, हा नियम. मग शिरस्त्याप्रमाणे यंत्रासमोर एकेक करून तीन गोळ्या झाडायच्या, आकडा बघायचा, हिरवी चिठ्ठी लावायची. बारा वर्षांत तिच्या चिठ्ठीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

तिने मास्क हातात घेतला आणि तड्यावरून बोट फिरवलं. ही गोळी सुटली ती बंदूक सकाळी तिनेच पास केली होती. आकडा तिला पाठ होता. दोनशे शहाऐंशी.

बंदूक प्रायोजक कंपनीची होती. ट्रिगरच्या मागे, गोळीमागचा हवेचा दाब ठरवणारी एक सीलबंद डबी, आणि त्या डबीवर कंपनीचं पेटंट. यंदा कंपनीने आयोजकांकडून नवा नियमच करून घेतला होता: तशी डबी दुसऱ्या कोणी बनवली असेल तर बंदूक मैदानाबाहेर, आणि कंपनीची डबी मात्र कोणी उघडायची नाही. पहिल्याच दिवशी चार संघ बॅगा भरून घरी गेले. जुन्या, साध्या बंदुकांवर खेळणारा एकच संघ टिकून होता. त्यात तिची धाकटी बहीण होती, सगळ्यांच्या पुढे धावणारी. अर्ध्या तासात, अंतिम सामन्यात, तिच्या संघाची गाठ कंपनीच्या संघाशी होती.

ती तडक आयोजकांच्या खोलीत गेली. कंपनीचा वकील तिथेच बसला होता.

"डबी उघडून बघायला हवी," ती म्हणाली.

आयोजकांनी वकिलाकडे पाहिलं. वकील पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत हळू आवाजात म्हणाला, "उघडा की. आधी फक्त घरचा पत्ता लिहून द्या. दावा स्पर्धेवर नाही लागणार, तुमच्यावर लागेल."

"मी पेटंटचं नाही बोलत. वेगाचं बोलतेय."

"समोरच्या संघात तुमची सख्खी बहीण आहे ना? मग लोक काय म्हणतील तेही बघा."

बहिणीचं तिने स्पर्धेआधीच लेखी कळवलं होतं. आयोजकांना ते माहीत होतं. तरी त्यांनी तिला दाराकडे खूण केली.

ती बाहेर आली. कोर्ट, दुकानाचा परवाना, घरी येणारे कागद, सगळं डोळ्यांपुढे नाचू लागलं. धाकटी भिंतीला टेकून बुटांच्या नाड्या बांधत होती.

"आज नको खेळूस," ताई म्हणाली.

"आणि सगळे काय म्हणतील? घाबरली, म्हणून ताईच्या पदराआड लपली?"

"तुझा डोळा जाईल गं."

"तू मोजलीयेस ना ती बंदूक? मग झालं तर." धाकटीने मास्क चढवला आणि ती निघून गेली.

मोजलीये. पण कशी? लबाड काटे तिने आयुष्यभर बघितले होते. तपासनीस एकच वजन ठेवतो, काटा शहाण्यासारखा वागतो. एकामागून एक पोती चढू लागली की खरा रंग दिसतो. मैदानात तरी एकेक गोळी कोण झाडतं?

मुख्य पंच मैदानाच्या फाटकाशी उभे होते. वयाने मोठे, कमी बोलणारे. तिने फुटका मास्क दाखवला. "काका, सलग दहा गोळ्या झाडून मोजायच्या आहेत मला. डबीला हात लावणार नाही."

"नियमात गोळ्यांचा आकडा आहे का?"

"नाही. वेग मोजावा, एवढंच आहे."

"मग मोज. पण आधी बहिणीची."

दोन्ही संघ टेबलाभोवती जमले. वकीलही आला. धाकटीची जुनी बंदूक तिने रोखली आणि ट्रिगर पटापट दाबला. आकडे पळत गेले. आठव्या गोळीला यंत्राने दाखवलं, तीनशे तीन.

वकील किंचित हसला.

"ताई, तीन फूट," धाकटी कुजबुजली.

"तीनशे म्हणजे तीनशे." तिने लाल चिठ्ठी लावली. बहिणीकडे बघायची तिला हिंमत झाली नाही.

मग काच फोडणारी कंपनीची बंदूक. तीही तिने तशीच रोखली. दोनशे शहाऐंशी. दोनशे पंच्याऐंशी. सहावी तीनशे दहा. दहावी तीनशे बावन्न.

"यंत्र बिघडलंय," वकील म्हणाला.

पंचांनी त्याच संघाची दुसरी बंदूक तिच्या हातात दिली. दहावी गोळी, तीनशे एकोणपन्नास. कंपनीच्या संघातला एक पोरगेला खेळाडू पांढराफटक पडला. "मी परवा माझ्या भावाबरोबर सराव केला हिने," तो म्हणाला.

अंतिम सामना झाला नाही. करंडक पुन्हा खोक्यात गेला. वकिलाने जाताना तिच्या बिल्ल्यावरचं नाव उतरवून घेतलं.

विसाव्या दिवशी नोटीस आली: कंपनीची बदनामी. तेव्हापासून दारावरची प्रत्येक थाप तिला वकिलाची वाटायची. सामन्याच्या दिवसापासून अबोला धरून बसलेली धाकटी नोटिशीचं ऐकून आली, बुटांसकट घरात शिरली आणि म्हणाली, "ती लाल चिठ्ठी होती म्हणून वाचशील तू. माझीही नापास केलीस ना, आता म्हणू दे त्यांना पक्षपात केला म्हणून."

तेच झालं. पंचांनी जबाब दिला, फुटक्या मास्कवाल्याने दिला, कंपनीच्या त्या पोरानेही दिला. सहाव्या महिन्यात कंपनीने दावा मुकाट्याने मागे घेतला आणि 'सुधारणेसाठी' डब्या परत मागवल्या. पुढच्या हंगामात सलग दहा गोळ्यांचा नियम झाला. पेटंटची भांडणं कोर्टात, मैदानावर नाहीत, असंही ठरलं. घरी गेलेले चारही संघ परत आले.

ती टेबलावर पुन्हा बसली, पण आकडे चढू लागले की ती अजून खुर्चीवरून उठून यंत्रावर वाकते. दहावी गोळी सुटून यंत्र गप्प होईपर्यंत ती चिठ्ठीला हात लावत नाही.