अनिसेतो मामाची निंदणी

अमेरिकेतल्या वेअरहॅमजवळच्या पाणथळ राखीव जागेत मला दर रविवारी एक वैताग फिरवून आणावा लागतो. वैतागाचं नाव अनिसेतो. तो माझ्या आईचा भाऊ.

ही जागा आधी त्याचं क्रॅनबेरीचं शेत होती. गुडघे गेले तेव्हा त्याने ती निसर्गवाल्यांना देऊन टाकली. त्यांनी चर बुजवले, बांध फोडले आणि शेतभर सीडरची रोपं लावली. आता क्रॅनबेरीत झाड दिसलं की उपटायचं, हे आम्हा केप व्हर्दी बेटांवरून आलेल्या लोकांना चालायच्या आधी शिकवतात. मामाने पहिल्याच भेटीत अख्खी रांग निंदून काढली आणि राखणदार मिस थेअरना म्हणाला, "आभार कसले, घरचंच काम आहे."

त्यांनी आभार मानले नव्हते. आणखी एक रोप उपटलं तर प्रवेश कायमचा बंद, असं बजावलं होतं. शिवाय सोबत जबाबदार माणूस हवा. घरात तसं कुणीच नसल्यामुळे मी.

बंद झालं तर मामा जाणार कुठे? आठवडाभर नुसता खिडकीत बसतो. दाढीसुद्धा इथे यायचं म्हणूनच करतो.

म्हणून या खेपेला मामीने त्याच्या हातांत ओव्हनचे जाड मोजे चढवले आणि मनगटाशी दोरीने आवळले. मोज्यांवर कोंबड्या.

"ते बघ!" मामाने एक कोंबडी रोखली. "मेपल! आणि तिकडे काटेरी वेल! लाज आहे का कुणाला?"

"मामा, आता जंगल आहे ते."

"आळशीपणा आहे तो. पाटी लावली की त्याला निसर्ग म्हणतात."

एका पक्षीवेड्या जोडप्याने हळूच विचारलं, मोजे घुबड पकडायला का? मामा "हो" म्हणाला. त्यांनी त्याच्यासोबत फोटो काढला.

"अरे, शेंबड्या पोराला कळतं!" मी शेवटी ओरडलो. "कशाला हात लावायचा नाही! चालायचं, बघायचं, घरी जायचं! एवढं काय अवघड..."

मामा माझ्या हाताकडे बघत होता. मीही बघितलं. हातात सीडरचं रोप होतं. वाकलो कधी, कळलंच नाही. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या याच शेतात निंदणी करण्यात गेल्या होत्या.

"छान उपटलंस," मामा म्हणाला. "मूळ शाबूत आहे."

"बाहेर," मागून मिस थेअर म्हणाल्या. "दोघंही. कायमचे."

मामाचा चेहरा उतरला. मग त्याने दोन्ही कोंबड्या माझ्यापुढे धरल्या. "सोड."

मामीची गाठ, दातांनी सोडवावी लागली. मामा कुरकुरत चिखलात बसला, बोटांनी खड्डा केला आणि रोप त्यात उभं केलं.

"बापाने बघितलं असतं तर इथेच पुरलं असतं मला," तो पुटपुटला. "शेतात झाड लावतोय! बाई, खाली जरा वाळू घाला. कुजेल."

"वाळू नको. याला चिखलच लागतो."

"मग कुजलं तर मला सांगू नका."

"सांगणार कशाला? तुम्हीच येऊन बघायचं," मिस थेअर म्हणाल्या. "हे रोप आता तुमच्याकडे."

"किती दिवस?" मी घाबरून विचारलं.

"सीडर आहे. दोनशे वर्षं सहज जगतं."

मामाने गंभीरपणे विचार केला.

"रविवारीच जमेल," तो म्हणाला. "गाडी हा चालवतो."