बंद खोल्यांतला नायट्रोजन

सकाळी सव्वासातला मला माझी चूक दिसली, आणि त्यानंतर फायसनचा फोन एकदाही लागला नाही.

मी एका चित्राकडे बघत होते. ते माझ्या मार्गदर्शक डॉ. म्हांगोंना व्याख्यानासाठी हवं होतं, नाहीतर मी बनवलंच नसतं. चार महिने विद्यापीठातल्या सहा जुन्या संगणकांवर मी एकच गणित चालवत होते: लिंथिपे भागातल्या पांढऱ्या मातीपासून झिओलाइट बनवलं, तर त्यात हवेतला नायट्रोजन किती मावेल? झिओलाइट म्हणजे आत सगळ्या खोल्याच खोल्या असलेला दगड. नायट्रोजन त्या खोल्यांत अडकतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. रुग्णालयातली ऑक्सिजनची यंत्रं याच दगडाच्या दाण्यांवर चालतात, आणि दाण्यांनी ओल धरली की मरतात. नवे दाणे परदेशातून येतात, म्हणजे येत नाहीत.

माझ्या गणिताचं उत्तर होतं: एवढा मावेल, की बाहेर येणाऱ्या हवेत त्र्याण्णव टक्के ऑक्सिजन असेल.

चित्रात नायट्रोजनचे निळे ठिपके होते. मोठ्या खोल्यांत होते, ते ठीकच. पण खरी दाटी छोट्या खोल्यांत होती. त्या खोल्यांच्या खिडक्या नायट्रोजनच्या रेणूपेक्षा अरुंद असतात. तिथं तो शिरूच शकत नाही.

संगणकाला हे कळत नाही. तो रेणूला दारातून आत नेत नाही. रेणू उचलतो, कुठल्याही पोकळीत ठेवतो आणि बघतो, इथं याला बरं वाटतंय का. बंद खोलीत फारच बरं वाटतं, चारी बाजूंनी भिंती जवळ. म्हणून आधी यादी द्यावी लागते, की एवढ्या खोल्या बंद समज. मी दिली होती. आमच्या आधीच्या एका विद्यार्थ्याची, तपासलेली यादी. फक्त त्यानं मोजायला सुरुवात केली होती छोट्या खोलीच्या मध्यापासून, आणि माझ्या स्फटिकाची फाइल सुरू होत होती मोठ्या खोलीच्या मध्यापासून. त्यामुळे सगळे अडसर अर्धं घर सरकून मोठ्या खोल्यांच्या मधोमध जाऊन बसले होते, आणि बंद खोल्या सताड उघड्या.

"आकडा कुणीही बघतं, तू चित्र बघत जा," असं डॉ. म्हांगो पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. पण एका चित्राला चाळीस मिनिटं लागत, आणि तेवढ्यात वीज गेली तर चालू गणितही जाई. मी आकडाच बघत आले.

फायसन जिल्हा रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करतो. माझ्या कृतीप्रमाणे त्यानंच माती धुतली, शिजवली, दाणे वळले, कोळशाच्या पिंपात भाजले आणि एका बंद पडलेल्या यंत्रात भरले. काल दुपारी त्याचा फोन आला होता.

"एकसष्ट."

"एकसष्ट कसं येईल? नीट भाजलेस ना?"

"तीनदा भाजले, लुसुंगू. भुईमूग असता तर एव्हाना विकून आलो असतो."

"मग तुझा कॉम्प्रेसर दमलाय. वॉर्डातल्या चांगल्या यंत्रात भरून बघ."

"वॉर्डात एकच चालतंय. चौऱ्याऐंशी देतंय."

"चिपेरोनीची झड सुरू झालीय. या ओलीत आठवड्यात सत्तरवर येईल ते. उद्या सकाळी उघड."

"सिस्टर कालुआ माझं मुंडकं उडवतील."

"त्यांना सांग त्र्याण्णव येणार, माझ्या शब्दावर. जुने दाणे फेकून दे."

"तुझा शब्द म्हणजे गणिताचा शब्द ना?"

"हो."

"मग ठीक."

त्याच्या घरी आणि दुरुस्तीच्या खोलीत फोन लागत नाही आणि वॉर्डातला फोन गेल्या वर्षीच बंद पडलाय. मी स्टँडवर पळाले. बाहेर चिपेरोनीची गार भुरभुर चालू होती, डोंगर दिसतच नव्हता. मिनीबसमध्ये चार जागा रिकाम्या होत्या, आणि त्या भरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

"आत्ता निघा ना, दादा. मला रुग्णालयात पोचायचंय."

"सगळ्यांना कुठं ना कुठं पोचायचंय," कंडक्टर म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "कुणी गेलं का?"

"अजून नाही."

त्यानं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हर पुटपुटला, पण निघाला. चार रिकाम्या जागा घेऊन जाणारी मिनीबस मी पहिल्यांदाच पाहिली. वाटेत प्रत्येक थांब्यावर ती थांबली, आणि प्रत्येक थांब्यावर मी हिशेब करत राहिले: तो आठला येतो, नळकांडी उघडायला वीस मिनिटं, भरायला पंधरा.

पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. फायसन दुरुस्तीच्या खोलीत वॉर्डातल्या यंत्रासमोर स्टुलावर बसला होता. त्याच्या हातातल्या मापकावर आकडा होता अठ्ठावन्न.

"ये," तो वर न बघताच म्हणाला. "कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. आता कुणाला दमलेला म्हणायचं ते सांग."

"मला. चूक माझी आहे. नायट्रोजन जाऊच शकत नाही अशा खोल्यांत मी तो मोजला."

"तुझ्या गणितात दारंच नव्हती?"

"नव्हती."

त्यानं मापक खाली ठेवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जुने दाणे?" मी विचारलं. "फेकलेस?"

"आम्ही काही फेकत नाही." त्यानं कोपऱ्यातल्या मक्याच्या पिठाच्या बादलीकडे बोट केलं. बादलीवर झाकण नव्हतं. वर खिडकीची काच फुटलेली होती, आणि तिच्यातून धुकं आत येत होतं. दाणे तासभर उघडे होते. लागणार नाहीत असं मीच सांगितलं होतं.

दारात सिस्टर कालुआ उभ्या होत्या. "हीच का ती त्र्याण्णववाली? काल त्र्याण्णव, आज माझ्या वॉर्डातलं बाळ शेवटच्या सिलिंडरवर. काटा लाल पट्टीत आहे, विद्यापीठवाल्या बाई. अगदी बारीक सोडलाय, तरी फार तर पाच तास. त्यानंतर मी त्याला काय हुंगायला देऊ, तुमचं गणित?"



"पिंप पेटवतो," फायसन उठत म्हणाला. "जुनेच भाजू. किती तापवायचे?"

"साडेतीनशे अंश. त्याच्यावर नको, आतल्या भिंती ढासळतील. आणि भाजताना कोरडी हवा सोडावी लागेल, नाहीतर निघालेली वाफ तेच परत पितील."

"कोरडी हवा कुठून आणू? या हवामानात?"

आम्ही दोघंही एकदमच त्या यंत्राकडे वळलो. माझे दाणे ऑक्सिजन वेगळा करण्यात नापास झाले होते, पण पाणी ते पीत होते. फायसननं त्यांच्यातूनच हवा ढकलली आणि नळी पिंपात सोडली. चार महिन्यांच्या कामाचा तेवढा एकच उपयोग झाला.

अडीच तास मी तापमापकाचा काटा बघत पिंपाशी उभी होते. साडेतीनशेला टेकला की कोळसे ओढायचे, तीनशे वीसवर आला की सारायचे. मध्ये एकदा मला वॉर्डातून पाणी आणायला जावं लागलं. बाळाची आई पाठीवर बांधलेलं चितेंजेचं फडकं सोडून त्याला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्यापेक्षा ती वयानं मोठी असेल, तरी तिनं मला आदरानं अमायी म्हटलं.

"ते चालू होईल ना, अमायी?"

काल मी हो म्हटलं असतं. मी पाण्याचा डबा उचलला आणि बाहेर आले.

यंत्रातले माझे दाणे काढून जुने गरम असतानाच भरले. फायसननं झाकण आवळलं, सांध्यांवर दोनदा टेप गुंडाळली. यंत्र सुरू झालं. मापकावर पन्नास, साठ, सहासष्ट. मग आकडा फार हळू चढायला लागला. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.

आम्ही थांबलो. दहा मिनिटं एकाहत्तरच.

"काल चौऱ्याऐंशी होतं," सिस्टर कालुआ म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता चीड नव्हती. त्यांनी यंत्र वॉर्डात ढकलत नेलं आणि सिलिंडरमधलं उरलंसुरलं राखायला त्याची नळी काढून ती यंत्राला जोडली. बाळाच्या पायाच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला होता. त्यावर एक्याण्णव होतं. ते नव्वद झालं, एकोणनव्वद झालं, अठ्ठ्याऐंशीवर थांबलं. बाळ बरगड्या आत ओढत श्वास घेत होतं, आणि त्याची आई आकड्याकडे न बघता त्या बरगड्यांकडे बघत होती.

"हे किती दिवस टिकेल?" फायसननं मला विचारलं.

गणित करता आलं असतं. ओल किती, दाणे किती, तासाला पाणी किती. पण आत किती भिंती शाबूत राहिल्यात, ते मला माहीत नव्हतं.

"माहीत नाही."

त्यानं मापक माझ्या हातात दिलं. "मग इथंच बस. दर अर्ध्या तासानं बघ आणि मला सांग."

मी पलंगाशेजारी फरशीवर बसले. पहिल्या अर्ध्या तासानं आकडा सत्तर होता.