ओळंब्यातला अनंत

"अहो मिस्त्री, झाड आहे ते, भिंत नव्हे!"

शेजारच्या वहिनी कुंपणावरून वाकून बघत होत्या. त्या शिवणकाम करत, त्यामुळे गळ्यात मोजायची टेप कायम लोंबत असे आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीचं माप आपल्याकडे असलंच पाहिजे असा त्यांचा समज होता. मिस्त्रींनी मान वर केली नाही. अनंताच्या झुडपाशेजारी काठी रोवून त्यांनी ओळंबा सोडला होता. दोऱ्याच्या टोकाचं पितळी वजन अजून हलत होतं, आणि ते थांबल्याशिवाय मिस्त्री कुणाशी बोलत नसत.

वजन थांबलं.

"भिंत असो नाहीतर झाड, वहिनी," ते म्हणाले, "वाकडं ते वाकडं."

"मिस्त्रीणबाईंना विचारलंत का?"

"तिला कशाला विचारायचं? उद्या घरी येतेय. बघेल की."

"बघतील, बघतील. आणि मग तुम्हालाही बघतील," असं म्हणून वहिनी आपल्या मशीनकडे गेल्या.

मिस्त्रींनी जन्मभर हेच केलं होतं. लोकांची घरं बांधली, शाळेचं कुंपण बांधलं, दवाखान्याचा जिना बांधला. त्यांच्या हातची भिंत कधी फुगली नाही की तिला तडा गेला नाही. ही शिस्त घरातही होतीच. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर हातातला घास तोंडापर्यंत जायचा नाही. "मी जरा कुशीवर वळले तरी हे पाणसळ घेऊन येतील, बाई सरळ झोपलीय का बघायला," असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायची.

फक्त अनंत तेवढा मिस्त्रींच्या हुकमतीबाहेर होता. बायको एका बालवाडीत मदतनीस होती. तिथल्या झाडाची फांदी तिने आणली आणि लावली. लेक तेव्हा रांगत होती. धुतलेली चहाची पत्ती बुंध्याशी घालायची, पानं पिवळी पडली की मातीशी काहीतरी खुडबुड करायची, जुन्या कात्रीने कधी इथे कधी तिथे कापायचं, सगळं तीच बघे. झुडूप मनाला येईल तसं पसरलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते फुलायचं, पांढऱ्याशुभ्र फुलांनी, आणि गल्लीच्या टोकापर्यंत वास जायचा. फाटकाशी जो थांबेल त्याला ती फूल द्यायची. मिस्त्री तेव्हा कामावर असत. संध्याकाळी येत तेव्हा पलंगाशेजारच्या वाटीत एक फूल पाण्यात ठेवलेलं दिसे, तेवढाच काय तो त्यांचा आणि अनंताचा संबंध.

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात, लिफ्टसमोर, लेकीने त्यांना बाजूला घेतलं होतं.

"बाबा, डॉक्टर म्हणतात घरी न्या."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं म्हणून नव्हे हो, बाबा. आता इथे ठेवून करण्यासारखं काही राहिलं नाही म्हणतात. हा उन्हाळा निघेल. पुढचा काही सांगता येत नाही."

मिस्त्रींनी लिफ्टच्या दाराकडे बघितलं. दार एका बाजूला जरासं खाली बसलं होतं. मग ते म्हणाले, "आईला सांगितलंस?"

"नाही. तुम्हीही सांगू नका."

घरी आले तर घर खायला उठलं. मिस्त्रींना रडता येत नव्हतं, असं नव्हे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना. हाताला काम हवं होतं. त्यांनी चादर बदलली, खिडकीची काच पुसली, पलंग खिडकीजवळ ओढला. मग खिडकीतून समोर काय दिसेल म्हणून बघितलं, तर ते अस्ताव्यस्त झुडूप. घरी आल्यावर तिच्या डोळ्यांना जरा नीटनेटकं काही दिसावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अनंताला हात लावला तो असा.

चारही बाजू त्यांनी ओळंब्यात घेतल्या. माथ्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला. फांद्यांच्या टोकांना गव्हाच्या दाण्याएवढे टोकदार, हिरवे, पीळ दिल्यासारखे कोंब होते. ते रेषेच्या बाहेर येत होते म्हणून गेले. संध्याकाळी त्यांनी सगळा कचरा झाडून पोत्यात भरला आणि तो कचरागाडीत गेला. झुडूप आता नुकतंच गिलावा केलेल्या कठड्यासारखं दिसत होतं. मिस्त्री दोनदा फाटकाबाहेर जाऊन लांबून बघून आले. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली. लेकीच्या आधाराने बायको उतरली. दवाखान्यात गेली होती त्याहून ती निम्मी झाली होती. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थांबली.

"दम लागला का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही हो." ती झुडपाकडे बघत होती. एक फांदी तिने बोटात धरली, टोकापर्यंत बोट नेलं आणि सोडून दिली. "तुम्ही केलंत?"

"मग काय तर! कसं झालंय?"

"छान," ती म्हणाली. "अगदी सरळ झालंय."

"पाणसळ लावलीय!"

"दिसतंय ना."

तिने ताकास तूर लागू दिली नाही. घरात जाऊन पलंगावर टेकली, खिडकीतून बघितलं आणि पुन्हा एकदा म्हणाली, छान झालंय हं. मिस्त्री दिवसभर खुशीत होते. असल्या दिवसांत आपल्याला खुशी कशी होते याची त्यांना मधूनच लाज वाटे, पण होत होती खरी.

बायकोची तब्येत आपल्या हातात नाही, निदान तिचं झाड तरी बरं राहावं, म्हणून पुढे काही दिवसांनी मिस्त्री खत आणायला नर्सरीत गेले. नर्सरीवाला ओळखीचा होता. त्याची शेडही मिस्त्रींनीच बांधलेली.

"अनंताला द्यायचंय," मिस्त्री म्हणाले. "मस्त छाटून काढलाय. एक पान बाहेर नाही!"

"कधी छाटलात?"

"हे आत्ता. चार दिवस झाले असतील."

नर्सरीवाल्याने खताची पिशवी परत खाली ठेवली. "काय केलंत हे, मिस्त्री? अनंत फुलं संपली की लगेच छाटायचा असतो. त्यानंतर जी वाढ होते तिच्या टोकाला कळ्या धरतात. त्या थंडीभर झाडावर बसून असतात. तुम्ही कळ्याच कापल्यात की. यंदा फूल विसरा आता."

"विसरा म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या वर्षी. कुठे जातंय झाड? पुढच्या वर्षी डबल येतील बघा!"

बिचाऱ्याने धीर द्यायला म्हटलं. मिस्त्री शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. पुढचं वर्ष. तिला दिसणार असलेली शेवटची फुलं त्यांनी स्वतःच्या हाताने, रेषेत, मोजून कापली होती आणि पोत्यात भरून कचरागाडीत दिली होती. वर तिच्याकडून शाबासकीही घेतली होती.

"बसा जरा. पाणी देऊ?"

"नको." मिस्त्रींनी शेडभर नजर फिरवली. "कळ्या असलेला अनंत आहे का तुझ्याकडे? असेल तो मोठ्यात मोठा दे."

गवंड्याला दोन गोष्टी येतात. एक भिंत बांधणं आणि दुसरी म्हणजे बिघडलेलं झाकणं. मिस्त्रींनी नवा अनंत रिक्षातून आणला, तोही मांडीवर घेऊन. बायको दुपारची झोपली होती. तिच्या झुडपाच्या मागच्या अंगाला खड्डा करून त्यांनी कुंडीसकट तो पुरला, माती सारखी केली आणि फांद्या अशा काही गुंतवल्या की दोन झाडं आहेत हे जवळ गेल्याशिवाय कळू नये. कळ्या टपोऱ्या होत्या. मिस्त्रींनी कपाळाचा घाम पुसला.

कुंपणावरून टेप डोकावली. "आता काय, मिस्त्री? मजला चढवताय का वर?"

"वहिनी, तुमच्या पाया पडतो, आज गप्प राहा," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण वहिनी खरंच गप्प राहिल्या. घरातून त्यांनी पाण्याचा तांब्या आणून कुंपणावर ठेवला आणि निघून गेल्या.

आठवडाभरात नव्या झाडाच्या कळ्या पिवळ्या पडल्या. एकेक करून गळायला लागल्या. मिस्त्री पहाटे उठून त्या वेचायचे आणि खिशात घालायचे, म्हणजे तिच्या नजरेला पडू नयेत. एका सकाळी असेच वाकले असताना खिडकीतून आवाज आला.

"अहो, उगाच कंबर मोडून घेऊ नका. अनंताला जागेवरून हलवलेलं खपत नाही. रुसतो तो."

मिस्त्री मूठ झाकून तसेच उभे राहिले.

"या आत," ती म्हणाली.

ते आत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले. मुठीतल्या कळ्या कुठे ठेवाव्यात ते कळेना, म्हणून मूठ तशीच मांडीवर राहिली.

"तुला कधी कळलं?"

"फाटकातून आत आले तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर मीठ कमी पडलं तरी अख्खी गल्ली गोळा करतेस!"

"काय बोलणार होते? तुम्ही उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या झाडाला हात लावलात. आणि चेहरा असा केला होता की जसं काही राजवाडाच बांधलाय." ती हसली, मग खोकला आला म्हणून थांबली. "तेवढ्यावरून तुम्हाला रागवायचं होय मी?"

"तेवढं नाही गं ते." मिस्त्रींनी मूठ आणखी आवळली. "तेवढं नाही. तुला माहीत नाही..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "लेक सांगत नाही, तुम्ही सांगत नाही. दोघांची तोंडं बघितली की सगळं समजतं. मला कळलंय हो."

त्यावर मिस्त्री रडले. सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच उरला नाही. तिने त्यांची मूठ उघडली, कळ्या काढून घेतल्या आणि उशाशी ठेवल्या.

"फुलं काय, मी इतकी वर्षं बघितलीत," ती म्हणाली. "तुम्हीच नाही बघितलीत. तुम्ही आपले वाटीतलं एक बघायचात. झाडावरची कुठे बघितलीत कधी?"

"नाही."

"मग आता शिका. मला रोज सांगायला जमेल असं नाही, पण जमेल तेव्हा सांगेन. आणि ती पाणसळ आधी माळ्यावर टाका."

त्या उन्हाळ्यात अंगणात एकही फूल आलं नाही. फाटकाशी लोक सवयीने थांबत, आत बघत आणि पुढे जात. मिस्त्री मात्र कामाला लागले होते. माती भिजलेली हवी पण चिखल नको. पाणी बुंध्याला, पानांवर नाही. खालची पानं पिवळी पडली तर घाबरायचं नाही, वरची पडली तर विचारायचं. ते दिवसातून दहादा खिडकीशी येत. "अगं, हे वरचं म्हणायचं की खालचं?" ती कधी उत्तर द्यायची, कधी नुसती मान हलवायची. झुडपाच्या चारही बाजू सुटल्या. एक फांदी पार रस्त्याकडे गेली. ती बघून मिस्त्रींचे हात शिवशिवत, मग ते हात मागे बांधून उभे राहत.

पावसाळा सरला तेव्हा तिला आपलं आपण उठवत नव्हतं. मिस्त्रींनी तिला उचलून खुर्चीत ठेवलं आणि लेकीच्या मदतीने खुर्ची अंगणात आणली. तिचं वजन एखाद्या रिकाम्या घमेल्याएवढं लागलं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका फांदीचं टोक त्यांनी वाकवून तिच्यापुढे धरलं.

"हे बघ. पानं आहेत की कळी?"

तिने बोटाच्या टोकाने चाचपलं. "तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी चष्मा पुसला. वाकले. बराच वेळ घेतला. "कळी," ते म्हणाले. "पान चपटं असतं. हिला पीळ आहे."

"झालं तर मग," ती म्हणाली. "आलं तुम्हाला."

थंडी नीट सुरू व्हायच्या आतच ती गेली. लेक बरेच दिवस राहिली, मग तिलाही तिच्या घरी जावं लागलं. मिस्त्री चहा दोन कप करत आणि एक ओतून देत. मग एकच करायला शिकले. चहाची पत्ती धुऊन बुंध्याशी घालायची राहिली नाही कधी.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी मिस्त्री पाण्याची झारी घेऊन अंगणात आले आणि जागच्या जागी थांबले. रस्त्याकडे गेलेल्या त्या फांदीवर, पानाच्या आड, एक कळी पूर्ण सुटली होती. पांढरी, ओलसर, अजून नीट न उलगडलेली. वास आधी आला आणि फूल मागून दिसलं.

"अगं ए!" मिस्त्रींनी मोठ्याने हाक मारली. "उमललं बघ! ये लवकर, उमललं!"

हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. खिडकीचं दार वाऱ्याने जरासं हललं. मिस्त्रींचा हात फांदीवर होता तो तिथेच राहिला आणि ते कुठेच न बघता उभे राहिले.

शेजारचं शिवणाचं मशीन चालू होतं, ते बंद पडलं. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी कुंपण ओलांडलं नाही, फाटक उघडून रीतसर आत आल्या आणि पदराला हात पुसत मिस्त्रींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आले, आले," त्या म्हणाल्या. "कुठंय? बघू."

मिस्त्रींनी फांदी हलू न देता पान बाजूला केलं आणि त्यांना दाखवलं.